पाखरांचा वाटा

बीड जिल्ह्याचे नाव निघाले, की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक भेगाळलेल्या रानाचे आणि दुसरे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. ती नाकारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या दोन चित्रांच्या मधल्या जागेत बागाही आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही या धर्मग्रामात आलो. आता बदलीचे दिवस जवळ आले आहेत. तेव्हा धर्मगुरू-निवासामागील दीड एकराच्या आवाराविषयी, ज्याला गावकरी ‘फादरची बाग’ म्हणतात, चार शब्द लिहून ठेवावेत असे वाटले.

बीड आणि बाग यांचे नाते तसे जुने आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी जमिनीखालच्या कालव्याने बलगुजार भागातील बागांना आणि मळ्यांना मिळत असे. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. ज्या मुलखात वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्याही आत, त्या मुलखात चारशे वर्षांपूर्वी कोणी तरी बागेसाठी विहीर खणली, या गोष्टीचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे. बाग ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, असे म्हणणाऱ्याने ती विहीर एकदा पाहून यावी.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी वाहते. तिच्या काठची गंगथडी काळ्या मातीची. दक्षिणेकडे बालाघाटाचे डोंगर. तिकडची जमीन हलकी, मुरमाड. आमचे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी आहे. हातभर खणले की मुरूम लागतो. म्हणून आमच्या बागेत शोभेची झाडे थोडी आणि रानची झाडे फार. दारापुढे चिंच, विहिरीवर वाकलेली एक बाभूळ, ओढ्याच्या बाजूला शिंदीची चार झाडे, कुंपणालगत सीताफळाची रांग आणि दोन जुने लिंब. ईशान्येच्या कोपऱ्यात मात्र कोणी काही लावलेले नाही. तेथे हिवर, बोर, तरवड, रुई आणि गुडघाभर कुसळी गवत आहे. या कोपऱ्याविषयी पुढे लिहायचे आहे.

आमच्या बागेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृगात सुरू होते. ७ जूनच्या मागेपुढे मृग नक्षत्र लागते आणि बहुधा त्याच सुमारास चिंचेच्या शेंड्यावरून चातकाचा आवाज येतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या पुढे-पुढे येतो. कवींनी त्याला केवळ पावसाचे थेंब पिणारा विरक्त ठरविले. प्रत्यक्षात तो अळ्या खाणारा आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालणारा संसारी आहे. सातभाई बिचारे मातकट रंगाचे, सदा घोळक्याने फिरणारे, कलकलाट करणारे. आपल्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पिलाच्या चोचीत ते दिवसभर किडे भरवीत राहतात. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना हे दाखविले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “फादर, आमच्या आजीपण असंच करतात.” तिचे आईवडील वर्षातले सहा महिने ऊसतोडीवर असतात. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

पहिला पाऊस झाला, की ओल्या मातीवर मखमलीचे लाल ठिपके चालू लागतात. हा मृगाचा किडा. मुले तो तळहातावर घेऊन पाय आखडून बसलेला पाहतात आणि पुन्हा सोडून देतात. त्यानंतर विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे लटकू लागतात. खोपा नर विणतो. तो अर्धा झाला, की मादी येऊन पाहणी करते; पसंत पडला तर संसार, नाही तर तो अर्धवट खोपा तसाच वाऱ्यावर. विहिरीच्या वरती, काटेरी फांदीच्या टोकाला घर बांधण्यात त्या एवढ्याशा पाखराची केवढी समज आहे. साप आणि मुंगूस तेथवर सहसा पोहोचत नाहीत.

सापाचा विषय निघालाच आहे, तर धर्मग्रामातील कुटुंबांसाठी दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून दंश झाल्यावर मांत्रिकाकडे, देवळात किंवा आमच्याकडे पाणी मंत्रून घेण्यासाठी येऊ नये. आधी रुग्णालय गाठावे, प्रार्थना वाटेत करता येते. पावसाळ्यात अंधारात बॅटरीशिवाय चालू नये, सरपणाच्या ढिगात हात घालू नये आणि शक्यतो जमिनीवर झोपू नये. एवढे पाळले, तर बागेतली धामण आपल्याला त्रास देत नाही. उलट ती उंदीर खाऊन आपली ज्वारी राखते. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ नावाचे वन्यजीवांच्या शुश्रूषेचे केंद्र आहे. जखमी पाखरू किंवा प्राणी आढळला, तर दगड मारण्याऐवजी असे काम करणाऱ्यांना किंवा वन विभागाला कळवावे.

भाद्रपदात कोपऱ्यातला तरवड पिवळाधमक फुलतो. ८ सप्टेंबरला पवित्र मरियामातेचा जन्मदिन. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत मुले रोज ओंजळभर फुले आणतात. झेंडू आणि शेवंती सगळ्यांच्या घरी नसते. तरवड मात्र सर्वांना सारखाच मिळतो. त्याच तरवडाच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. नवरात्रात गावातल्या बायाही तरवडाची फुले न्यायला येतात. कुंपणाचे फाटक त्यांनाही उघडे असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सीताफळे डोळे उघडतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. परंतु बालाघाटाने ते असे काही पोटाशी धरले, की ते परके आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावीत नाही आणि कातळातही ते जगते. हलक्या रानात टिकण्याचे गुपित एवढेच. आमच्या रांगेतील खालची फळे मुलांची, मधली निवासातली आणि शेंड्याची वटवाघळांची व खारींची. आमच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच वर्षी ही वाटणी आम्हांला समजावून दिली. “वरचं तोडायचं नसतं फादर, त्यो पाखरांचा वाटा,” असे त्या म्हणाल्या. या लेखाचे नाव त्यांच्याकडून घेतले आहे.

दसरा होतो आणि गाव रिकामे होऊ लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि तान्ही पोरे घालून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात; दोन माणसांचे मिळून एक हत्यार! रविवारच्या मिस्सेला मागचे बाक रिकामे पडतात. म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले तेवढी उरतात.

आणि नेमक्या याच दिवसांत बागेत पाहुणे उतरतात. सकाळी अंगणात शेपटी हलवीत धोबी चालतो. तो हिमालयाच्या पलीकडून आलेला असतो. संध्याकाळी गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे हिवरावर येऊन बसतात. मध्य आशियातून आलेल्या या पक्ष्यांचा थवा वळला, की आभाळात कोणी शाल झटकल्यासारखे दिसते. आमच्या मनात दरवर्षी तोच विचार येतो. पाखरे पोटासाठी हजारो मैल उडून आमच्या गावात येतात आणि आमच्या गावची माणसे पोटासाठी गाव सोडून जातात. पाखराला ज्या रानात दाणा सापडतो, त्या रानाच्या मालकाला तो का पुरू नये? जिरायती शेती, एका पावसावरचा जुगार, वाटण्या होऊन तुकडे झालेली जमीन, आधीच उचललेले पैसे, अशी कारणे सांगता येतात. पण रिकाम्या बाकांपुढे उभे राहून प्रवचन करताना ती कारणे पुरत नाहीत.

नाताळच्या आठवड्यात आम्ही दोन दिवस कारखान्याच्या तळावर जातो. उसाच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये, कंदिलाच्या उजेडात मिस्सा होते. पहाटे फडावर जायचे असल्यामुळे गाणी थोडकीच म्हटली जातात. गेल्या खेपेला एका माउलीने निरोप विचारला, तो घराचा नव्हता. “फादर, आवारातल्या बोरी लागल्या का?” आम्ही होय म्हणालो. “मग पोरांना वेचू द्या. शाळंतून आल्यावर पोरांना काही नसतं.” त्या एका वाक्यापासून कोपऱ्यातल्या बोरीच्या झाडाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहतो.

पौषात ज्वारी निसवते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारी पोरे आता थोडी दिसतात. प्लॅस्टिकच्या चकचकीत फिती आणि फटाके आले आहेत. तरीही काही शेतकरी बांधाकडच्या दोन ओळी पाखरांसाठी म्हणून सोडतात. कापणी झाल्यावर पडलेली कणसे गोरगरिबांनी वेचावीत, त्याला आपण ‘सरवा’ म्हणतो. पवित्र शास्त्रातील रूथ ही विधवा परमुलखात बवाजाच्या शेतात सरवाच वेचीत होती. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, त्या गरिबासाठी व परक्यासाठी सोडाव्यात, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. आमच्या मावशींनी तो ग्रंथ वाचलेला नाही. पण सीताफळाचा शेंडा त्या त्याच नियमाने सोडतात.

असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते आणि परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तिचा उल्लेख केला आहे. मठाच्या बागेचा एक भाग नांगरू नये, तेथे रानफुले व रानवनस्पती आपोआप उगवू द्याव्यात, असे संतांनी आपल्या बंधूंना सांगितले होते. आमचा ईशान्य कोपरा हा तेवढाच आहे. त्यात साधुत्व काही नाही. फक्त कुदळ न चालविण्याचा निश्चय आहे.

हा निश्चय स्वस्त पडत नाही. माघ-फाल्गुनात डोंगरावर पळस पेटतो, प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि विहिरीचे पाणी एकेक पायरी खाली जाते. झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या झावळ्या आमच्याकडे कोठून येणार? मुले शिंदीच्या पात्या आणतात. शेंड्याचा कोंब सोडून खालच्याच पात्या तोडायच्या असा नियम आहे. चैत्रात लिंबाला पालवी येते, तांबट दिवसभर टकटक करीत राहतो आणि दुपारी खापराच्या परळात बुलबुल, साळुंक्या, होले रांगेने पाणी पितात. त्या परळात पाणी घालणे ही सोपी गोष्ट आहे, असे आम्हांला २०१९ पर्यंत वाटत असे.

२०१८ च्या पावसाने दगा दिला होता. ऑक्टोबरात शासनाने दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या उभ्या राहिल्या. दावणीची जनावरे आणि त्यांच्याबरोबर म्हातारी माणसे छावणीत राहू लागली. आमची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. आवारातल्या बोअरला मात्र दिवसाकाठी तासभर पाणी येत होते. एका सकाळी हंडे घेऊन आलेल्या बायांपैकी एकीने सरळच विचारले, “फादर, झाडाला पाणी घालता. मग आमच्या शेळ्यांनी काय प्यावं?”

प्रश्न रास्त होता. त्याच संध्याकाळी धर्मग्राम समितीची बैठक बोलाविली आणि त्या बाईंनाही बसविले. दोन तासांच्या चर्चेनंतर असे ठरले: बोअरचे पाणी जातधर्म न पाहता रांगेने सर्वांना मिळावे, निवासातले हिरवळीचे वाफे आणि पूर्वीच्या धर्मगुरूंनी हौसेने लावलेले गुलाब यांना थेंबही मिळू नये, चिंच, लिंब आणि सीताफळांना आंघोळीचे व भांडी धुतलेले पाणी द्यावे, परळातले पाणी मात्र बंद करू नये. शेवटचे कलम आमचे नव्हते. ते सकाळी प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनीच सुचविले. “दोन तांबे पाण्यानं आमचं काय अडतंय? मुकं जनावर कुठं रांग लावणार?” असे त्या म्हणाल्या. मे महिन्यात गुलाब वाळून गेले. हिरवळ तर त्याआधीच गेली होती. कोपऱ्यातल्या हिवर-बोरींना कोणी पाणी घातले नाही, आणि त्यांचे काही बिघडलेही नाही. त्या उन्हाळ्याने आमच्या बागेचा खरा नकाशा काढून दाखविला.

अलीकडे प्रश्न निराळा उभा राहिला. ऊसतोडीहून माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि वैशाखात लग्ने निघतात. पाहुण्यांना बसायला जागा नाही. मग तो काटेरी कोपरा साफ करून पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी तरुणांची मागणी आली. मागणीत खोटे काही नव्हते. सहा महिने कोपीत काढलेल्या माणसाला आपल्या मुलीचे लग्न चांगल्या जागी व्हावे असे वाटणारच. समितीत दोन तट पडले आणि निर्णय पावसाळ्यानंतरवर गेला.

तो पावसाळा २०२५ चा होता. सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी झाली. सिंदफणेला पूर आला, उभी पिके गेली आणि कित्येक शेतांतली मातीच वाहून गेली. ओढ्याचे पाणी आमच्याही आवारात शिरले. अंगणातली आणि वाफ्यांतली माती गेली. मुरूम उघडा पडला. ज्या कोपऱ्यात कुसळी गवत आणि तरवडाची मुळे होती, तेथली माती बहुतांशी जागेवर राहिली. हे काही चमत्काराने झाले नाही. गवताच्या मुळ्या माती धरतात, हे शाळेतले पोरही सांगेल. पण डोळ्यांनी पाहिल्यावर माणसे ऐकतात. डिसेंबरच्या बैठकीत ठरले, की लग्नाचा मांडव चिंचेखाली पडेल, तेथली जमीन सपाट करून घ्यावी, आणि कोपरा आहे तसा राहू द्यावा. तरुणांपैकी दोघांचे समाधान झाले नाही. त्यांच्या घरची लग्ने या वैशाखात आहेत. मांडव नीट उभा राहिला, तर त्यांचाही राग निवळेल.

आपल्या जिल्ह्यात सोडून दिलेल्या जागेचे मोल जाणणारे आम्ही एकटेच नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव परिसरातले सुमारे ३० चौरस किलोमीटरचे रान १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य म्हणून राखले गेले. बीडजवळ पालवणच्या उजाड टेकडीवर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सह्याद्री देवराई’ उभी केली. तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला दिले गेले. दीड एकराच्या आवाराची त्यांच्याशी तुलना नको. पण प्रत्येक घरामागे हात-दोन हात जागा असतेच. तेथे एक बोर उगवली, तर ती उपटू नये. एक परळ ठेवावा. झाडाचा शेंडा सोडावा. यासाठी कोणाकडून अनुदान लागत नाही.

नवीन धर्मगुरू येतील, तेव्हा त्यांना कदाचित गुलाबांची आवड असेल. त्यांनी ते अवश्य लावावेत. निवासाच्या वहीत आम्ही फक्त एवढे लिहून ठेवले आहे: विहिरीवरची बाभूळ आश्विनापर्यंत छाटू नये, सुगरणींची पिले असतात. शिंदीचा कोंब तोडू नये. परळ रोज सकाळी धुऊन भरावा. तरवडाच्या फुलांसाठी फाटक उघडे ठेवावे. बोरी मुलांच्या आहेत. सीताफळाचा शेंडा कोणाचा, ते मावशींना विचारावे.